न हलणारा ग्राहक

करुणा सोमकुवर पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. पदाचं नाव 'अतिथी विद्वान'. मध्य प्रदेशात कंत्राटी मास्तराला हे नाव दिलेलं आहे. नाव ऐकून कुणीही खुर्ची पुढे करावी, पण पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. म्हणून तिने नोकरी सांभाळून एम.टेक.ला नाव घातलं होतं. परीक्षा झाल्या, गुण चांगले पडले, आणि गाडी अडली ती शेवटच्या प्रोजेक्टवर.

प्रोजेक्टचा विषय होता, फिरत्या माणसाचा मोबाइल नेटवर्क शोधतं कसं. दिवाळीत घरी गेली तेव्हा तिने आईला, लीलाबाईला, हे समजावून पाहिलं होतं. लीलाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"बरेचसे टॉवर मिळून एक इलाका असतो, आई. फोन एका इलाक्यातून दुसऱ्यात गेला का तो आपणहून कळवते, की मी आता इकडे आलो. मंग कोणाचा कॉल आला का त्या इलाक्यातले सारे टॉवर एकदम त्याच्या नावाने हाका मारतात. ज्या टॉवरखाली असन, तिथून तो ओ देते."

"म्हणजे जाताना सांगून जा," लीलाबाई म्हणाली. "त्यात शिकाचं काय आहे?"

"घडीघडी सांगत बसला तर नेटवर्कवर बोजा पडते. सांगितलंच नाई, तर शोधण्यात दम निघते. दोघांच्या मधलं काढाचं असते."

"तुया बापाले दे ना मंग हे मधलं काढून," लीलाबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

यात खोटं काही नव्हतं. श्रावण, करुणाचा बाप, संत्रा तोडणाऱ्या टोळीत होता. हंगामात टोळी या बगिच्यातून त्या बगिच्यात जायची, आणि आज लोधीखेड्याकडे आहे की सीमेपलीकडे, हे घरी कळायचं नाही. कधी फोन लागलाच तर म्हणायचा, "मी इथीच आहो." इथीच म्हणजे कुठे, हे त्याला स्वतःला तरी ठाऊक असायचं की नाही, कोण जाणे. सीमेजवळच्या बगिच्यात तर त्याचा फोन झाडाखाली पडल्या पडल्या कधी मध्य प्रदेशात असायचा, कधी महाराष्ट्रात.

घरात फोन दोन. एक करुणाच्या धाकट्या भावाचा, अंकुशचा. तो बोरगावच्या कारखान्यात कामाला होता आणि ओव्हरटाइम करून रात्रीच घरी यायचा. दुसरा बटणांचा, त्याला 'घरचा फोन' म्हणत. पण घरच्या फोनचा घराशी संबंध एवढाच की तो रात्री तिथे चार्ज व्हायचा. सौंसरच्या बाहेर मोहगावच्या रस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या वस्तीत साधा रिवाज होता, ज्याला दूर जायचं त्याने फोन न्यायचा. दूर श्रावण जायचा. तो टोळीबरोबर मुक्कामाला गेला की घरचा फोनही मुक्कामाला जायचा. लीलाबाई कुठे दूर जाणार? ती जवळच्या शेतात कापूस वेचायची, नळावर जायची, विहारात जायची. तिच्यासाठी फोन मागे ठेवावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही.

लीलाबाईचं माहेर लोधीखेड्याचं. लग्न होऊन सौंसरला आली ती इथलीच झाली. वर्षातून एकदा दसऱ्याला, वस्तीतल्या सगळ्यांबरोबर ट्रकमध्ये बसून नागपूरला दीक्षाभूमीवर जायची, तोच तिचा प्रवास. करुणा लहान असताना त्या गर्दीत एकदा हरवली होती. पण ट्रकमधून उतरताच लीलाबाईने दोन्ही पोरांना बजावून ठेवलेलं असायचं, "कोणी हरवलं तर शोधत फिराचं नाई. जिथी उतरलो तिथी येऊन उभं राहाचं." करुणा रडत रडत विचारत ट्रकपाशी परत आली, तर आई तिथे उभी. हाका नाहीत, धावाधाव नाही. ती ट्रकच्या चाकाजवळून हललीच नव्हती. त्या वर्षी लीलाबाईचं स्तूपाचं दर्शन राहिलं, आणि तिने त्याचा कधी उच्चारही केला नाही.

असो. प्रोजेक्टकडे वळू.

करुणाने कॉम्प्युटरवर पांढुर्णा आणि सौंसरचा खोटा नकाशा केला होता. मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं, प्रत्येक घरात एक टॉवर, आणि त्यात फिरणारी हजारो खोटी माणसं. त्यांना प्रोजेक्टच्या भाषेत 'ग्राहक' म्हणायचं. ग्राहक शेजारच्या घरात सरकायचा, इलाका बदलला की कळवायचा, मधूनच त्याला कॉल यायचा. कळवण्याचा खर्च किती, शोधण्याचा किती, याची बेरीज प्रोग्राम करायचा. इलाका लहान-मोठा करत जायचं आणि खर्च सगळ्यात कमी कुठे येतो ते पाहायचं.

चाचणीसाठी तिने पहिल्या काही ग्राहकांना घरच्यांची नावं दिली होती. प्रोग्राममधला श्रावण वाटेल तसा भटके. अंकुश बोरगाव ते घर, घर ते बोरगाव. करुणा शनिवारी पांढुर्ण्याहून सौंसरला जाई, सोमवारी परत. लीलाबाईपुढे तिने शून्य टाकलं होतं. शून्य म्हणजे हलत नाही. तिला कॉल आला की पहिल्याच हाकेत सापडे. प्रोग्राम नीट चालतोय का हे पाहायला फार बरा ग्राहक होता तो.

हे सगळं करता करता खरी करुणा मात्र शनिवारी घरी जाईनाशी झाली. दिवाळीनंतर तर फारच कमी. प्रोजेक्टची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. शनिवारी दुपारपर्यंत तिची आशा असायची, की काम आटोपेल आणि संध्याकाळची बस मिळेल. मग ते आटोपत नसे. अंकुशच्या जेवणाच्या सुट्टीत ती त्याला फोन करी, "आईले सांग, आज येणं होत नाई." तो म्हणे, "सांगतो." आणि तो सांगायचाही. पोरगा शब्दाचा पक्का होता.

डिसेंबरातल्या त्या शनिवारीही तिने दुपारी असाच फोन केला आणि पुन्हा कामाला बसली. तिचे गाइड हेमराज घागरे सर खुर्ची ओढून बाजूला येऊन बसले. घागरे सर हुशार, पण आकडा मनासारखा आला नाही की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. त्यांनी ग्राहकांची यादी पाहिली.

"हा शून्यवाला कोण?"

"तो स्थिर ग्राहक आहे, सर. चाचणीसाठी ठेवला होता. मग तसे आणखी काही टाकले."

"काढून टाका सगळे. जो हलत नाही त्याचा अभ्यास काय करायचा? उगाच सरासरी खाली ओढून राहिले."

सरांचं म्हणणं बरोबर होतं. करुणाने शून्यवाले सगळे ग्राहक पुसले, पहिल्यांदा लीलाबाई, मग बाकीचे. पुन्हा प्रोग्राम चालवला, आणि इतके महिने हवा तसा न येणारा आलेख सुरेख वळण घेऊन आला. सरांनी खुशीत चहा मागवला. चहा घेता घेता म्हणाले, "मी आता सौंसरला सासुरवाडीला जाऊन राहिलो. चला, घरी सोडतो. आज काम बंद."

अशी ती अचानक निघाली. अंकुशला पुन्हा फोन लावला, तो लागला नाही. कामावर फोन लॉकरात असतात. तिने विचार केला, बरं झालं, आईला आश्चर्य वाटेल. कारमध्ये तिला एक डुलकी लागली, आणि ऊन उतरायच्या आत ती वस्तीच्या तोंडाशी उतरलीसुद्धा.

दाराला कुलूप होतं.

किल्ली नेहमीच्या कोनाड्यात होती. करुणाने दार उघडलं. चूल थंड, भांडी घासलेली, आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी फळीवर. आई शेजारी असेल म्हणून ती शेजारी गेली, तर सुमनकाकूंच्या दारालाही कडी. नळावर कुणी नाही. विहाराला कुलूप. जवळच्या शेतातून वेचणीच्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन परतत होत्या. त्यांत आई नव्हती.

"लीलाबाई आज अर्धा दिवस करून गेली," एकजण म्हणाली. "घरी असन, पाह्य."

इथवर करुणाला काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. दिवाळीच्या आधी लीलाबाई कापूस वेचताना चक्कर येऊन पडली होती. साखर कमी झाली होती. सोबत बाया होत्या म्हणून बरं, त्यांनी गूळ खाऊ घालून उठवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकटीने उन्हात जायचं नाही, उपाशी राहायचं नाही. आणि आता ती अर्धा दिवस टाकून एकटीच कुठेतरी गेली होती.

तिने बापाला फोन लावला. आश्चर्य म्हणजे लागला.

"बाबा, आई कुठी आहे?"

"घरीच असन ना. अजून कुठी जाईन?"

"घरी नाई."

"मंग बाजूले असन. कुठी जाते ते." मागे टोळीतली माणसं हसत होती. "मी इथीच आहो, लोधीखेड्याकडे. काऊन, काई झालं का?"

"काई नाई," म्हणून तिने फोन ठेवला. अंकुशचा लागेना. मामाला लोधीखेड्याला फोन केला. तोही म्हणाला, "ताई? ताई त घरीच राहते."

करुणा ओट्यावर बसली. कॉलेजात पोरांना ती रोज शिकवायची, की एखादा कुठे आहे ते कळत नसेल तर शेवटचा माहीत असलेला ठिकाणा घ्या, मग त्याच्या आजूबाजूची घरं, मग त्यांच्या पलीकडची. तिने तसं मनात करून पाहिलं. बाप सापडत नसता तर कुठे कुठे विचारायचं, हे तिला पाठ होतं. टोळीचा मुकादम, लोधीखेड्याच्या नाक्यावरचं चहाचं दुकान, मित्राचं घर. अंकुशचे अड्डेही माहीत होते. आईचं? घर, नळ, विहार, शेत. त्यापलीकडे एकही नाव तिच्यापाशी नव्हतं. ज्या बाईने तिला वाढवलं ती बाई एकटी असताना कुठे जाते, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला आधी भीती वाटली आणि मग स्वतःचा राग आला.

तेवढ्यात सुमनकाकू लाकडाचा भारा घेऊन आल्या.

"तू कधी आली व माय? आणि अशी काऊन बसली?"

"काकू, आई कुठी आहे?"

सुमनकाकूंनी भारा टेकवला, डोक्यावरची चुंबळ काढली. त्यांना घाई कसलीच नसायची. "आज शनिवार नाई का? सांबार आणाले गेली असन."

"सांबार?"

कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणतात. करुणाला शब्द कळला, बाकी काही कळलं नाही.

"दर शनिवारी आणते ते, स्टँडजवळून," सुमनकाकू म्हणाल्या. "तू आली का तुमच्या घरी शिजते, नाई आली का माया घरी देऊन देते. म्हणते, आता काय करू याचं. दिवाळीपासून तुयाच वाट्याचा सांबार खाऊन राहिलो आम्ही."

करुणा उठून उभी राहिली. शनिवारी ती संध्याकाळच्या बसने सौंसरला उतरायची तेव्हा आई स्टँडवर असायचीच. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सांबाराची जुडी. म्हणायची, "सांबार घ्याले आली होती, म्हटलं तुई गाडी आलीच असन त संगंच जाऊ." करुणा ते खरं मानायची. वर चिडवायची, की एका जुडीसाठी इतकं चालायचं, आई, तुझे पाय सरकारी आहेत का? लीलाबाई हसायची आणि तिच्या हातातली जड बॅग घ्यायची.

मग ज्या शनिवारी करुणा यायची नाही त्या शनिवारी? निरोप दुपारी जायचा तो अंकुशला. अंकुश घरी यायचा रात्री. आणि बस यायची दिवस बुडता बुडता.

हे सगळं तिला माहीत होतं. एकेक गोष्ट वेगवेगळी माहीत होती, फक्त एका जागी मांडून पाहिली नव्हती. फोनला निरोप दिला म्हणजे आईला दिला, असं ती बिनदिक्कत धरून चालली होती. तिच्या प्रोग्राममध्येही तसंच होतं. फोनने ओ दिली की माणूस सापडला, पुढचा ग्राहक घ्या.

ती जवळजवळ पळतच निघाली. रस्त्याला ट्रक होते, कडेला खडी होती, आणि दर वळणावर तिला वाटत होतं की आई इथे कुठेतरी बसली असेल, किंवा पडली असेल. स्टँड जवळ आलं तेव्हा दिवस बुडत होता. पांढुर्ण्याची बस नुकतीच आत शिरली होती.

लीलाबाई बसच्या दारापाशी उभी होती. अंगावर शाल, हातात पिशवी.

उतरणारी गर्दी तिला धक्के देत होती आणि ती जागची हलत नव्हती. उतरणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत होती, बाईकडे पाहत होती, माणसाकडेही पाहत होती. बस रिकामी झाली तेव्हा तिने टाचा उंचावून खिडक्यांतून पाहिलं, एखादी झोपून राहिली असेल म्हणून. कंडक्टर खाली उतरला. त्याने विचारलंही नाही कुणाला शोधताय.

"आज बी नाई वाटते, मावशी," तो म्हणाला.

"काम असन तिले," लीलाबाई म्हणाली. "परीक्षा आहे मोठी."

करुणा काही पावलांवर उभी होती. तिला लाज वाटली, इतकी की क्षणभर आईसमोर जाऊच नये असं वाटलं. ज्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं त्या कंडक्टरला तिच्या आईचा शनिवार ठाऊक होता.

"आई."

लीलाबाई वळली. आधी तिने बसकडे पाहिलं, मग लेकीकडे. "तू कुठून उतरली? मी त सारी गाडी पाह्यली."

"सरांच्या कारने आली. घरी गेली होती, तू नव्हती."

"हो ना. सांबार घ्याले आली होती."

"वस्तीत भेटत नाई का सांबार?"

लीलाबाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "भेटते," ती म्हणाली.

"मी अंकुशले फोन करून सांगत होती, आई. येत नाई म्हणून. दर वेळी सांगत होती."

"सांगते ना तो. रात्री आला का सांगते बिचारा." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच करुणाला सोसवेना. "तू उतरशीन तिथी कोणी असाले पाह्यजे ना. मंग येतो मी. चाल आता, थंडी होऊन राहिली."

करुणाने स्टँडवरच तिला संत्री सोलून खाऊ घातली, मगच चालू दिलं. वाटेत लीलाबाईने बॅग मागितली. बॅग नव्हतीच, कारमधून येताना काही आणलं नव्हतं. मग लीलाबाईने नुसताच तिचा हात धरला.

सोमवारी पांढुर्ण्याला येताच करुणाने पुसलेले ग्राहक परत टाकले. लीलाबाईपुढचं शून्य काढलं आणि तिचा शनिवार लिहिला. शिवाय प्रोग्राममध्ये एक बदल केला. फोनने ओ दिली की कॉल पूर्ण, असं न धरता निरोप त्या माणसापर्यंत पोचला तरच पूर्ण धरायचा. आलेख बिघडला. घागरे सरांनी यादी पुन्हा पाहिली.

"अहो, हा स्थिर ग्राहक काढला होता ना आपण?"

"तो स्थिर नाही, सर. आपल्याला माहीत नव्हतं एवढंच."

"आणि फोन एकाजवळ, निरोप दुसऱ्याला, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"आमच्या घरी आहे."

सरांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "वेगळं प्रकरण करा त्याचं. बाहेरच्या परीक्षकाने विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं, मी नाही."

जाण्याआधी रविवारी तिने स्वतःचा जुना फोन नवं सिम टाकून आईला दिला होता. लीलाबाईने खूप आढेवेढे घेतले. मी त घरीच आहो, मले कायले पाह्यजे, हे दहादा म्हणून झालं. शेवटी तिने तो रुमालात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवला. उचलायचं बटण कुठलं ते अंकुशने दाखवलं.

पुढच्या शनिवारी वेगळ्या प्रकरणाचं काम चिवट निघालं. सोमवारी सगळं सरांच्या हाती द्यायचं होतं. चार वाजून गेले तेव्हा करुणाने प्रोग्राम चालू केला आणि आईला फोन लावला. या वेळी निरोप सरळ जाणार होता, मध्ये कुणी नव्हतं. बरीच रिंग झाल्यावर लीलाबाईने उचलला.

"आई, आज येणं होत नाई. तू वाट पाहू नको, म्हणून सांगून राहिली."

"बरं," लीलाबाई म्हणाली. "बरं झालं सांगितलं. जेवून घेजो."

तिच्या आवाजामागे कुणीतरी ओरडत होतं. आधी करुणाला ते नीट ऐकू आलं नाही. मग आलं. "मोहगाव, मोहगाव," एक माणूस ओरडत होता, आणि मागे बसचा हॉर्न वाजत होता.

"आई, तू कुठी आहे?"

आजवर लीलाबाईला हे कुणी फोनवर विचारलं नव्हतं.

"मी स्टँडवर आहो," ती म्हणाली. "सांबार घ्याले आली होती. जाऊन राहिली आता घरी."

"जाऊ नको," करुणा म्हणाली. "तिथीच थांब. येऊन राहिली मी."

प्रोग्राम अजून चालू होता. तो तसाच सोडून तिने चप्पल घातली आणि सौंसरची बस पकडायला निघाली.